दोघींमधला चेंडू

चेंडू बॅटवरून सुटला त्या आवाजावरूनच प्रणिता मोहोडला कळलं, की आज आपली काही खैर नाही. शाळेत शिकवता शिकवता आयुष्यभर सॉफ्टबॉलचा स्कोअर लिहिणाऱ्या बाईला एवढं कळतंच. चेंडू फार उंच नव्हता, फार जोरातही नव्हता. शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून जाऊन तो सेंटर फिल्डरच्या बराच पुढे, म्हणजे धड कुणाच्याच हद्दीत नाही अशा जागी उतरायला लागला. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे असलेली गौतमी उमप मागे धावली. सेंटरला, म्हणजे तिच्या बरीच मागे मैदानाच्या मधोमध उभी असलेली ईश्वरी धर्माळे पुढे धावली. दोघी चेंडूखाली पोचल्या, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, दोघी थांबल्या, आणि चेंडू त्यांच्या मधोमध गवतावर टप्पकन पडला. तिसऱ्या बेसवरची मुलगी होम प्लेटवर पोचली, धारणीची जिंकायची धाव झाली आणि सामना संपला. परतवाड्याच्या मुली हरल्या, धारणीच्या जिंकल्या. जुन्या मिलच्या ग्राउंडवर जमलेले लोक दोन मिनिटं शिव्या कोणाला द्याव्यात याच विचारात पडले.

पूर्वी असं काही झालं की प्रणिताला डोकं खाजवावं लागत नसे. चेंडूला कुणाचाच हात लागला नाही, तर ती बॅटरची हिट, म्हणजे तिच्या नावावर जमा. हातात येऊन सुटला, तर फिल्डरचा एरर, म्हणजे चूक. फिल्डरच्या डोक्यात झालेल्या घोळाबद्दल एरर द्यायचा नाही, हा स्कोअररांचा जुना शिरस्ता. हाताची चूक लिहायची, मनाची नाही. सवयीनं तिची पेन्सिल हिटच्या खुणेकडे वळलीसुद्धा. तेवढ्यात टेबलावरचा पडदा उजळला.

‘हिट नाही. चूक. गौतमी उमप ७१ टक्के, ईश्वरी धर्माळे २९ टक्के.’

“घ्या बाप्पा,” प्रणिता स्वतःशीच म्हणाली. “झाला निवाडा.”

निवाडा हे त्या यंत्राचं नाव. सॉफ्टबॉलच्या नियमांत दोन शब्द असे आहेत, की त्यांच्यापायी स्कोअररांनी पिढ्यान् पिढ्या बोलणी खाल्ली. ते शब्द म्हणजे ‘साधारण प्रयत्न’. साधारण प्रयत्नात झेलता आला असता असा चेंडू सुटला तर एरर, नाहीतर हिट. आता साधारण म्हणजे कोणाचा साधारण? हे ठरवायचं स्कोअररनं, आणि ठरवून झालं की मान खाली घालून घरी जायचं. एकदा प्रणितानं एका मुलीला एरर दिला, तर त्या मुलीच्या काकांनी तिच्या स्कूटीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली होती.

म्हणून निवाडा आला. त्याचं काम चालतं ते असं. ग्राउंडभोवती कॅमेरे असतात आणि प्रत्येक खेळाडूच्या पोटरीला आणि दंडाला एक पातळ पट्टी असते. हात किंवा पाय हलण्याच्या आधी स्नायूत विजेची बारीकशी लहर उठते, ती या पट्टीला कळते. म्हणजे खेळाडू कधी धावली एवढंच नव्हे, तर धावायचं तिनं कधी ठरवलं आणि थांबायचं कधी ठरवलं, हेही यंत्राला दिसतं. मग निवाडा तोच चेंडू आपल्या पोटात पुन्हा उडवतो. वेग तोच, वारा तोच, डोळ्यांवर येणारं ऊनही तेच. फक्त गौतमीच्या जागी तिच्या वयाची आणि दर्जाची एक साधारण खेळाडू उभी करतो. असं हजारो वेळा करून किती वेळा झेल झाला ते मोजतो. मग गौतमीला तिच्या जागी परत ठेवतो, ईश्वरीला बदलतो, आणि पुन्हा हजारो वेळा चेंडू उडवतो. जिला बदलल्यावर जास्त झेल होतात तिचा दोष जास्त. हिशेब सरळ आहे. पहिल्यांदा समजला तेव्हा प्रणितालाही तो फार आवडला होता. आता स्कूटीची हवा कोणी सोडणार नाही, एवढ्यावरच ती खूश होती.

पण चांगली वस्तू ग्राउंडपुरती कशी राहील? आधी ती विमावाल्यांनी उचलली, मग दवाखान्यांनी, आणि गेल्या वर्षी घरगुती निवाडा निघाला. घरातले मोबाइल, मनगटाच्या पट्ट्या, दारावरचे कॅमेरे, सगळ्यांतली नवी-जुनी माहिती गोळा करून तो सांगायचा, की दूध कोणामुळे उतू गेलं आणि गॅस कोणी चालू ठेवला. प्रणिताच्या नवऱ्यानं, प्रमोदनं, हौसेनं तो दुधासाठी वापरला. प्रणिताचा दोष चौसष्ट टक्के निघाला. प्रमोदनं हे अख्ख्या गल्लीला सांगितलं, आणि पुढचे काही दिवस त्याचा चहा त्यालाच करावा लागला. त्यानंतर त्यानं ते काढून टाकलं.

प्रणिताच्या मोबाइलमधून मात्र निवाडा काढता येत नव्हता. कारण तिथं महिनाभर एक विनंती पडून होती. पाठवणारी नलिनी टेकाडे, अकोला. नातं, मोठी बहीण. विषय, आईचा मृत्यू. खाली लिहिलेलं होतं, ‘दोन्ही पक्षांनी संमती दिल्यास निवाडा दिला जाईल.’

आई अंजनगावला एकटी राहायची. छातीत दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांनी अमरावतीला मोठी तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं. सोमवारी न्यायचं ठरलं होतं. कोणीच नेलं नाही, आणि त्याच आठवड्यात आई गेली. प्रणिताला पक्कं आठवत होतं, आई स्वतः फोनवर म्हणाली होती, की नलू येणार आहे न्यायला. नलू आली नाही. वर तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर प्रणिताकडे बोट दाखवून म्हणाली, “न्यायचं कबूल तू केलं होतंस.” इतकं धडधडीत खोटं ऐकून प्रणिता तिथून उठली ती पुन्हा बहिणीशी बोलली नाही. त्याला आठ वर्षं झाली होती. आता ही संमतीची विनंती. प्रणिता रोज ती उघडायची आणि रोज बंद करायची. आपलं काही चुकलेलं नाही याची तिला खात्री होती. पण पडद्यावर आपल्या नावापुढे एकाहत्तर आले तर काय, या विचारानं तिचं बोट पुढे जात नव्हतं.

ग्राउंडवरचा एकाहत्तरचा आकडाही काही साधा नव्हता. तीन दिवसांची ही निवड-स्पर्धा होती, आणि राज्याच्या संघाची यादी आता निवाड्याच्या आकड्यांवरूनच लागायची. चौदा नावं पक्की झाली होती. पंधराव्या जागेसाठी गौतमी आणि ईश्वरी अगदी बरोबरीत होत्या. एकीवर जास्त दोष आला की ती बाहेर आणि दुसरी आत. ईश्वरीचं हे शेवटचंच वर्ष. तिचा गुडघा कधीचा पुरे म्हणत होता, आणि राज्याच्या संघातून खेळायचं तिचं दर वर्षी थोडक्यात हुकलं होतं. गौतमीची ही पहिली संधी. पण घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, की यंदा नाव लागलं नाही तर बॅट माळ्यावर आणि मुलगी वडिलांच्या झेरॉक्सच्या दुकानात.

निवाड्यावर स्कोअररची सही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागायची. तोवर स्कोअररला एक अधिकार होता. यंत्राला माहीत नसलेली एखादी गोष्ट त्याला सांगायची, किंवा त्याला एखादा नवा प्रश्न विचारायचा, आणि हिशेब पुन्हा करायला लावायचा. बहुतेक स्कोअरर या भानगडीत पडत नसत. प्रणिता पडली, कारण ते थांबणं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. असं का थांबावं कोणी?

गौतमी नळाखाली पाय धूत उभी होती. डोळे लाल झाले होते.

“तू थांबलीस काऊन?” प्रणितानं विचारलं.

“ताई येऊन राह्यली होती नं मॅडम.”

“अगं, पण चेंडू तुझ्या आवाक्यात होता.”

“होता. पण ताई एवढी धावत येऊन राह्यली, अन् मी मधात हात घालू? बरं दिसते का ते?”

“‘माझा’ म्हणून ओरडायचं असतं. शाळेपासून शिकवतो तुम्हाला.”

“दुसरं कोणी असतं तर ओरडली असती. ताईले कसं म्हणू, माझा म्हणून?” गौतमीनं नळ बंद केला. “मॅडम, मले बॅट धरायले तिनं शिकवलं. माझा पहिला ग्लव्ह तिचाच होता. ते एकाहत्तर राहू द्या माझ्या नावावर. तिचं शेवटचं वर्ष आहे.”

प्रणिता घरी आली. चहा ठेवते न ठेवते तोच दारात ईश्वरी. लंगडत आली होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

“मॅडम, एक सांगायचं होतं. तो चेंडू मी सोडला.”

“सोडला म्हणजे?”

“मुद्दाम सोडला. मी पोचली होती. मग मनात आलं, हा झेल गौतमीच्या नावावर जाऊ दे. शेवटच्या इनिंगचा झेल आहे, मोठा धरतात. पंधरावी जागा तिची होऊन जाईन. म्हणून थांबली.”

“आणि मॅच?”

ईश्वरीनं प्रणिताकडे पाहिलं. “मॅचचं डोक्यातच आलं नाही, मॅडम. गौतमी चेंडू सोडेन असं वाटलंच नाही. तुम्ही असं लिहा, की मुद्दाम सोडला. दोष मले द्या.”

“मुद्दाम लिहिलं तर बंदी येईल तुझ्यावर. वेड लागलं का तुला?”

“येऊ द्या. तसाही गुडघा गेलाच आहे.”

ती गेल्यावर चहा उकळून उकळून काळा झाला, तरी प्रणिता तशीच उभी होती. आजवर तिच्या टेबलाशी कितीतरी खेळाडू भांडायला आल्या होत्या. सगळ्या म्हणायच्या, चूक माझी नाही, तिची लिहा. चूक माझी लिहा, तिची नको, म्हणून भांडणाऱ्या दोघी तिनं पहिल्यांदा पाहिल्या. तिला नलूची आठवण झाली आणि लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला.

तिनं लॅपटॉप उघडला आणि गौतमीचं कारण निवाड्याला सांगितलं, की मोठ्या खेळाडूच्या पुढे जायचं नाही म्हणून ती थांबली. तिला वाटलं, आता तरी यंत्राला दया येईल. यंत्रानं हिशेब केला आणि गौतमीचा दोष एकाहत्तरवरून त्र्याऐंशीवर नेला. झेलता येत असून सोडला म्हटल्यावर दोष वाढणारच. प्रणितानं कपाळाला हात लावला. ते पुसून तिनं ईश्वरीचं कारण टाकलं. आता ईश्वरी चौसष्टवर गेली, शिवाय नावापुढे ‘हेतुपुरस्सर’ असा लाल शिक्का. तिनं घाईघाईनं तेही पुसलं. मग तिनं दोन्ही कारणं एकदम दिली.

पडद्यावर आले सत्तावन्न आणि त्रेचाळीस. क्षणात बदलून चव्वेचाळीस आणि छप्पन्न. मग पुन्हा सत्तावन्न. गौतमी थांबली ईश्वरी येणार म्हणून, आणि ईश्वरी थांबली गौतमी घेणार म्हणून. पहिलीचा दोष ठरवायला दुसरीचा लागायचा, दुसरीचा ठरवायला पहिलीचा. यंत्राचं तळ्यात-मळ्यात सुरू झालं. शेवटी त्यानं सभ्यपणे लिहिलं, ‘दोन्ही कारणं एकमेकांवर अवलंबून आहेत. उत्तर स्थिर नाही.’

“हे मला पण माहीत आहे रे,” प्रणिता पडद्यावर ओरडली.

प्रमोद आतून डोकावला. “छापा-काटा कर अन् मोकळी हो.”

“तू आत जा.”

पण गंमत म्हणजे छापा-काटा केला असता तर निदान एक उत्तर तरी आलं असतं. तिच्या डोक्याचं पार दही झालं होतं. दोघींनी थांबायचं ठरवलं होतं, हे खरं. पण दोघींच्याही मनात वाईट काही नव्हतं, हेही खरं. चांगल्या मनानं केलेल्या चुकीचे टक्के कसे काढायचे? आणि ते काढलेच नाहीत तर पंधरावी जागा कोणाची? एकीवर अन्याय होणार हे ठरलेलं. कोणावर, एवढंच तिला ठरवायचं होतं, आणि ते ठरवायची तिची बिलकूल इच्छा नव्हती.

सकाळी ती ग्राउंडवर आली तेव्हा धारणीच्या मुलींचं सामान एसटीसाठी बांधून ठेवलेलं होतं. त्यांच्यातली एक मुलगी संत्रं सोलत सरळ प्रणिताच्या टेबलाशी आली. सुमरती कासदेकर. काल शेवटचा चेंडू मारणारी तीच.

“मॅडम, माझी हिट कुठं गेली?”

“कुठली हिट?”

“कालची. आम्ही जिच्यावर मॅच जिंकलो ती. यादीत माझ्यापुढे शून्य दाखवते.”

प्रणिता तिच्याकडे बघतच राहिली. काल दुपारपासून या क्षणापर्यंत ती गौतमीचा विचार करत होती, ईश्वरीचा करत होती, स्वतःच्या बहिणीचासुद्धा करत होती. चेंडू कोणीतरी मारला होता, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि म्हणे आयुष्यभर स्कोअर लिहिला.

“त्याला हिट म्हणता येत नाही, सुमरती,” ती सावरून म्हणाली. “साधा चेंडू होता. झेल व्हायलाच हवा होता.”

“व्हायले पाहिजे होता, पण होणार नव्हता. मले माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“की तिथं कोणी झेलत नाही.” सुमरतीनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. “मॅडम, मी त्या दोघींले तीन दिवस पाहून राह्यली. पाण्याची बाटली एकच असली की ही म्हणते तू घे, ते म्हणते तू घे. जेवायच्या रांगेत तू पुढे हो, नाही तू पुढे हो. मागून आम्ही ताटं घेऊन उभ्या! तवाच म्हटलं, चेंडू टाकायचा तर या दोघींच्या मधात.”

“म्हणजे तू ठरवून मारलास?”

“तर! अन् जोरात नाही मारला. जोरात मारला असता तर त्यायले विचार करायले वेळच नसता, एकीनं झेललाच असता. म्हणून शेवटी बॅट आवरली. दोघींले एकमेकींकडे पाहायले वेळ भेटला पाहिजे नं!”

बाकी मुली हाका मारत होत्या. सुमरती हलली नाही. “हिट द्या मॅडम. मेहनतीची आहे.”

प्रणितानं लॅपटॉप पुढे ओढला. सुमरतीच्या दंडावरच्या पट्टीची नोंद यंत्रात होतीच, फक्त ती कोणी उघडली नव्हती, कारण दोष वाटताना बॅटरचं काय काम? तिनं ती उघडली. रेघ जोरात वर चढली होती आणि बॅट चेंडूला लागायच्या जरा आधी कापल्यासारखी खाली आली होती. पोरगी खोटं बोलत नव्हती. भर जोरात फिरवलेली बॅट तिनं ऐनवेळी आवरली होती.

प्रणितानं काल यंत्राला गौतमीबद्दल विचारलं होतं, ईश्वरीबद्दल विचारलं होतं. आता तिनं तिसरा प्रश्न टाकला. फिल्डर दोघी आहेत तशाच राहू दे. बॅटरला बदलून पाहा.

यंत्र गप्प झालं. कोणी तरी साधारण बॅटर त्याच्या पोटात पुन्हा पुन्हा तोच चेंडू मारत असणार. कोणी जोरात मारला, कोणी थेट हातात दिला, कोणी भलतीकडेच. त्या जागी, तितक्या संथपणे चेंडू पडला तो क्वचितच, म्हणजे ते बॅटरचंच कसब. पडद्यावरचे गौतमी आणि ईश्वरीचे आकडे घसरत घसरत गेले आणि नाहीसे झाले. मग अक्षरं आली.

‘हिट. सुमरती कासदेकर.’

प्रणिताला हायसं वाटलं. दोघीही सुटल्या! पण हे हायसं वाटणं फार वेळ टिकलं नाही. हिशेब बदलला तशी शेजारची यादीही हलली. सामना जिंकून देणारी शेवटच्या इनिंगची हिट फार मोठी धरली जाते. खालून एक नाव वर सरकलं आणि पंधराव्या जागेवर येऊन बसलं. सुमरतीचं. गौतमी आणि ईश्वरी एकमेकींना खेटून त्याच्या खाली, दोघीही बाहेर.

सहीच्या चौकटीवर प्रणिताचा हात किती वेळ थांबून राहिला कोण जाणे. सुमरती समोर उभी होती. संत्र्याची सालं तिनं मुठीत धरून ठेवली होती. तिलाही यादी दिसली होती. प्रणितानं सही केली.

मग तिनं गौतमीला आणि ईश्वरीला बोलावून सगळं सांगितलं. गौतमी ईश्वरीचा हात धरून ऐकत होती. चेंडू ठरवून त्यांच्या मधात मारला होता, आणि का मारला होता, हे ऐकून ईश्वरी आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला.

“म्हणजे चूक आमच्यापैकी कोणाचीच नाही?”

“कोणाचीच नाही.”

“मग मॅडम, आम्ही दोघीबी बाहेर काऊन?”

प्रणितानं यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. खरं म्हणजे हिशेब तिनं स्वतः केला होता, तो बरोबर होता, आणि तरीही काही तरी कुठं तरी चुकलंय असं तिला वाटत होतं. गौतमी रडायला लागली. ईश्वरीनं तिला जवळ घेतलं, आणि दोघी ग्राउंडच्या फाटकाकडे गेल्या. फाटक अरुंद होतं. तिथं पोचल्यावर दोघी थांबल्या. ईश्वरी म्हणाली, तू हो पुढे. गौतमी म्हणाली, नाही ताई, तू. प्रणितानं तोंड फिरवलं, कारण ते पाहवेना.

घरी आली, पण तिला जेवण जाईना. मोबाइल उचलला तर तीच विनंती समोर. नलिनी टेकाडे, अकोला. दोन्ही पक्षांची संमती. दोन्ही पक्ष! तिचं बोट नेहमीसारखं थबकलं. नलूला बदलून पाहिलं की किती, प्रणिताला बदलून पाहिलं की किती, एवढंच तर हे यंत्र सांगणार होतं. सत्तावन्न आणि त्रेचाळीस, किंवा चव्वेचाळीस आणि छप्पन्न.

आणि चेंडू मारला कोणी?

ती उभ्या उभ्याच दचकली. मग तिनं ती विनंती बंद केली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा बहिणीचा नंबर लावला.

“बोल,” नलिनीचा आवाज कोरडा होता. “संमती देतेस?”

“ताई, एक विचारू? सोमवारी मी नेणार आहे आईला, असं तुला कोणी सांगितलं होतं?”

“पुन्हा तेच! कोणी म्हणजे? आईनं सांगितलं. प्रणू येणार आहे सोमवारी, तू काऊन अकोल्यावरून धावपळ करतेस, राहू दे म्हणाली. मी म्हटलंसुद्धा की मी येते. तर म्हणे, नको, प्रणूनं कबूल केलं आहे. आणि तू खुशाल घरी...”

“ताई, थांब.” प्रणिता खुर्चीवर बसली. “मला ती म्हणाली, नलू येणार आहे. तू शाळा कशाला बुडवतेस, राहू दे.”

“खोटं.”

“आईची शप्पथ.”

 पलीकडे कुकरची शिटी झाली, आणि कोणीतरी गॅस बंद केला.

“सोमवारचंच म्हणाली?” नलिनीनं हळूच विचारलं.

“सोमवारचंच.”

“प्रणू, तिला दवाखान्याची किती भीती होती, आठवते?”

“बाबांना नेलं ते परत आणलं नाही, म्हणायची.”

“म्हणायची.” नलिनीचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. “म्हणजे तिला जायचंच नव्हतं गं. दोघींना सांगून ठेवलं, की दुसरी येतेय. आणि तिला पक्कं माहीत होतं, आपण एकमेकींना विचारणार नाही. मी मोठी म्हणून तू मला जाब विचारणार नाहीस, आणि तुला टोकल्यासारखं होईल म्हणून मीही विचारणार नाही.” तिचा आवाज फुटला. “आणि मी तेराव्याला सगळ्यांसमोर...”

प्रणिताला रडू येत होतं, आणि त्यातच कुठून तरी हसूही. आईवर रागवावं की तिचं कौतुक करावं, हेच तिला कळेना. सत्तरी ओलांडलेल्या, अंजनगावात एकटीच राहणाऱ्या बाईनं दोन शिकल्यासवरल्या लेकींच्या अगदी मधोमध चेंडू टाकला होता. तोही संथ. दोघींना एकमेकींकडे पाहायला वेळ मिळेल असा.

“हिट आहे ती,” प्रणिता म्हणाली.

“काय आहे?”

“भेटल्यावर सांगते. मी येते अकोल्याला.”

“तू कशाला? तुझ्या मॅचेस चालू असतील. मीच येते.”

“नको ताई, तुला प्रवास झेपत नाही. मी येते नं.”

“मी मोठी आहे प्रणू, माझंच चुकलं, मलाच येऊ दे. तू राहू दे.”

“नाही, तू राहू...”

प्रणिता अर्ध्यावरच थांबली. पलीकडे नलिनीही थांबली होती.  हे थांबणं प्रणितानं कालच डोळ्यांनी पाहिलं होतं.

“माझा!” ती ओरडली. आतून प्रमोद काय झालं म्हणून धावत आला.

“अगं, काय तुझा?” नलिनीनं घाबरून विचारलं.

“हा माझा आहे, ताई. तू जागची हलू नकोस. मी निघाले.”

आणि बहिणीचं पुढचं ‘अगं पण’ ऐकायच्या आधी तिनं फोन ठेवला, प्रमोदला बाजूला केलं आणि चपला पायात घातल्या.